पाण्यातल्या बंदुकीचा कायदा

विश्वजीतने अंदमानातून बंदूक आणली, ही बातमी तो एसटीतून उतरायच्या आत गावभर झाली होती. बातमीतली बंदूक दुनळी होती. संध्याकाळी पारावर त्याने पिशवीची चेन उघडली तेव्हा निघाली एक लांबलचक नळी, तिच्या तोंडाशी दोन जाडजूड रबरं, मागे पिस्तुलासारखी मूठ, आणि नळीवर निजलेला बोटभर जाडीचा पोलादी भाला. ना दारू, ना काडतूस. मंडळी जरा हिरमुसलीच.

"ही तर गलोल हाय," तात्याबा म्हणाला. तात्याबाचं पारावर कायमचं आरक्षण असतं, त्यामुळे पहिलं मत त्याचं.

"गलोलच हाय, पण पाण्यातली," विश्वजीत हसून म्हणाला. "बुडी मारायची, मासा समोर आला की चाप ओढायचा. रबर सुटतं, भाला जातो. पाण्याबाहेर मातूर हिला ताणायची न्हाई. ताणली आन् सुटली, तर समोरच्या माणसाच्या आरपार."

समोर बसलेले दोघे उठून बाजूला झाले.

विश्वजीत हा आनंदरावांचा मुलगा. आनंदराव म्हणजे पाणीवापर संस्थेचे चेअरमन. सोसायटी, मंडळ, जत्रा, जिथं म्हणून खुर्ची असेल तिथं ते आधीच बसलेले. पोराने ऊस बघायचा सोडून समुद्र धरला आणि पर्यटकांना बुड्या मारायला शिकवत अंदमानात तीन वर्षं काढली. तिथल्या एका परदेशी दोस्ताने जाताना ही बंदूक त्याला देऊन टाकली. आता तो घरी आला होता, आणि घरासमोर समुद्र नसला तरी भीमा होती.

भीमेचा अलीकडचा काठ शिरूर तालुक्याचा, पलीकडचा दौंडचा, आणि मधे आडवा कोल्हापुरी बंधारा. एरवी पुण्याचं सगळं पाप पोटात घेऊन नदी काळीशार वाहते. यंदा मात्र पाऊस उशिरापर्यंत पडत राहिला, धरणांची दारं उघडीच राहिली आणि नदी घासूनपुसून निघाली. बंधारा अडवल्यावर पाणी निवळलं ते असं, की खांबाच्या पायथ्याचे दगड वरून दिसायला लागले. म्हातारी माणसंसुद्धा काठी टेकत येऊन बघून जात होती.

पारावरच्या गर्दीत करुणा मागे उभी होती. ती गावची पोलीस पाटील. भांडण झालं, पूर आला, कोणी अनोळखी माणूस मुक्कामाला राहिलं, की ठाण्याला कळवायचं हे तिचं काम. पण त्या घडीला तिच्या डोक्यात ठाणं नव्हतं, तिचा धाकटा भाऊ धम्मदीप होता. त्याचं पोट त्याच पाण्याखाली होतं. पावसाळा सरला की बंधाऱ्याच्या खांबांमधे लोखंडी ढापे बसवून पाणी अडवतात आणि पुढच्या पावसाआधी काढतात. ढापा अडकला, ढाप्यांच्या फटीतून पाणी फुटलं, की कोणीतरी बुडी मारून फट बुजवावी लागते. आधी हे काम तिचा बाप म्हाळू करायचा, आता धम्मा करत होता. त्या पाण्यात भाला सुटणार म्हटल्यावर करुणाचा जीव टांगणीला लागला.

"पाटीलबाई, हिला लायसन लागतं का?" तात्याबाने सगळ्यांच्या मनातलं विचारलं.

"विचारून सांगते," करुणा म्हणाली, आणि इथंच घोडं पेंड खायला लागलं.

तिने ठाण्याला फोन केला. फोनवरचे साहेब सज्जन होते, त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "दारूवर चालत नाही? मग बंदूक म्हणता येणार नाही. रबरावर चालते म्हणता, म्हणजे गलोल झाली. पण भाला आहे म्हणता, म्हणजे हत्यार झालं. पाण्याखाली वापरतात? हे मात्र वर विचारावं लागेल." मग तिने मत्स्य खात्यात विचारलं. तिथल्या बाईंना सुरुंग माहीत होता, विष माहीत होतं, पाण्यात करंट सोडणारे माहीत होते, आणि त्या सगळ्याला बंदी होती. भाल्याचं कोणी आजवर विचारलंच नव्हतं. त्यात नदीचा मधला भाग कोणत्या तालुक्यात, यावर दोन्हीकडच्या तलाठ्यांचं कधी एकमत झालेलं नाही. म्हणजे उद्या काही झालं तर बंदूक शिरूरात सुटणार आणि भाला दौंडात लागणार.

"कायदा येईपर्यंत बंदूक घरात ठेव," करुणाने विश्वजीतला सांगितलं.

"ताई, कायदा येईस्तोवर म्या म्हातारा हुईन," तो म्हणाला. "तुमी आधी बगा तर खरं. बघितल्याबिगर बंदी घालू नका."

बोलणं रास्त होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिला उथळ पाण्यात घेऊन गेला. त्याने तिला पाण्यातला चष्मा लावायला दिला आणि कमरेइतक्या पाण्यात वाकायला सांगितलं. करुणा याच नदीत पोहायला शिकलेली, पण तिने नदी कधी आतून बघितली नव्हती. तोंड पाण्यात घातलं आणि ती श्वास घ्यायचं विसरली. आत उजेड होता. हिरवा, हलता उजेड, आणि त्यात बारके मासे थव्याने असे वळत होते की सगळ्यांना कोणीतरी एकाच वेळी हाक मारत असावं. ज्या पाण्यात आपण धुणं धुतलं, भांडी विसळली, त्याच्या आत हे असं चाललेलं होतं आणि चौतीस वर्षांत आपल्याला पत्ता नाही, याचं तिला नवल वाटलं, आणि थोडी लाजही.

मग विश्वजीतने समोर रोवलेल्या बाभळीच्या फळकुटाकडे नळी धरली. आवाज जवळजवळ झालाच नाही. फळकूट मात्र मधोमध फुटून भाल्यासकट पलीकडे जाऊन पडलं. करुणाने तोंड वर काढलं आणि आधी बंधाऱ्याकडे बघितलं.

त्याच दिवशी ग्रामपंचायतीत बैठक झाली. आनंदराव पोराच्या बाजूने, तात्याबा दोन्ही बाजूंनी. करुणाने बंदी घातली नाही. वरचा कायदा येईपर्यंत तिने गावचा एक कायदा केला. बंदूक पाण्याबाहेर कधी ताणायची नाही. पोरंसोरं पोहत असतील तेव्हा उतरायचं नाही. आणि सगळ्यांत मोठं कलम बंधाऱ्याच्या जुन्या रिवाजावर बेतलेलं: ढाप्याच्या कामाला माणूस खाली गेला की त्याचं पायताण वर खांबाच्या डोक्यावर राहतं. म्हाळूच्या काळापासून पायताण वर तर माणूस खाली. तेव्हा खांबावर पायताण दिसलं, की बंदूक पिशवीत.

"ह्याच्यापरीस सोपी खूण जगात न्हाई," आनंदराव म्हणाले. विश्वजीतने मान डोलावली. धम्मदीपने बहिणीकडे बघून डोळे मिचकावले, म्हणजे काय गं तू माझ्या चपलेला पार कायद्यात घातलंस. करुणाला बरं वाटलं. ठाण्याला जमलं नाही, खात्याला जमलं नाही, ते आपण एका बैठकीत केलं, असा थोडा ताठाही तिच्या मनात आला. माणसाने ताठा करावा, पण नदीकाठी करू नये.

पुढच्या आठवड्यात जलपूजन ठरलं. बंधारा काठोकाठ भरला होता, तालुक्याचे एक पाहुणे नारळ फोडायला येणार होते, आणि आनंदरावांनी हलगीवाले सांगून ठेवले होते. सकाळी उठून बघतात तर दौंडकडच्या अंगाला दोन खांबांमधल्या एका गाळ्यात ढाप्यांच्या फटीतून पाण्याची चिळकांडी उडत होती. पाहुण्यांच्या देखत बंधारा गळतोय म्हणजे चेअरमनचं नाक कापल्यासारखं. त्यांनी धम्मदीपला निरोप धाडला, पाहुणे यायच्या आत एवढी फट बुजव. धम्मदीप मातीची पोती घेऊन आला, चपला खांबावर काढल्या, आणि उतरला.

पाहुणे लवकर आले, ही एक गोष्ट. आणि दुसरी अशी, की पूजा होती.

पूजा म्हटल्यावर कोण पायताण घालून उभं राहील? आनंदरावांची आई साखरबाई सगळ्यांत पुढे, ओटीचं ताट घेऊन. "पायताणं काढा गं, गंगामाईच्या डोस्क्यावर उभ्या हायसा," असं तिने पहिल्याच बाईला सुनावलं, आणि ते वाक्य बंधाऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं. बंधाऱ्यावरचा रस्ता जेमतेम चार हात रुंद. चपला ठेवायच्या कुठं? खांबांच्या डोक्यांवर. बघता बघता एकूण एक खांबावर चपलांचा ढीग लागला. कोल्हापुरी, प्लॅस्टिकच्या, पाहुण्यांच्या माणसांचे चकचकीत बूट.

करुणा पूजेत नव्हती. तिची देवपूजा बाबासाहेबांपासून सुटलेली. ती गर्दी आवरायला उभी होती. पोरं कठड्याकडे झुकू नयेत, म्हातारी माणसं ढकलली जाऊ नयेत, एवढंच ती बघत होती. तिने स्वतःच्या तोंडाने दोघातिघांना सांगितलं, "वाटंत नका ठिवू, खांबावर ठिवा." हे पुढे तिला कित्येक दिवस आठवत राहिलं.

हलगी वाजत होती. नारळ फुटला. आनंदरावांनी पाहुण्यांच्या कानाशी लागून पलीकडच्या काठाकडे बोट केलं. काठावर विश्वजीत उभा होता, अंगाला काळा चिकट पोशाख, पायांत बदकासारखे पंख, हातात बंदूक. पाहुण्यांना पाण्यातून ताजा मासा काढून दाखवायचा, असा बेत ठरला होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. विश्वजीतने बंधाऱ्याकडे एकदा नीट नजर फिरवली. सगळीकडे चपला. त्याने बापाकडे बघून हाताने विचारलं, धम्मा? बापाने हात हलवला, वर आला. मग तो पाण्यात शिरला आणि दिसेनासा झाला.

करुणा गर्दीतून वाट काढत दौंडकडच्या टोकाला निघाली होती. शेवटच्या खांबांपैकी एकावर, बायकांच्या चपलांखाली, तिला एक निळा पट्टा दिसला. तुटलेला, मोटारीच्या तांब्याच्या तारेने बांधलेला. ती तार धम्माने तिच्यासमोर, तिच्याच ओसरीवर बसून गुंडाळली होती.

ती कठड्याकडे धावली.

"धम्मा वर आला का?" ती ओरडली. हलगीत कोणाला काय ऐकू येणार. तिने खाली वाकून बघितलं. पाण्यावर कोणी नाही. पण तिला माहीत होतं, ढाप्याचं काम करणारा माणूस उघड्या पाण्यात वर येतच नाही. तो दोन खांबांच्या मधे, वरच्या स्लॅबखालच्या अंधारात श्वास घेतो आणि पुन्हा खाली जातो. वरून तो कोणालाच दिसत नाही. म्हणूनच तर पायताणाची खूण होती.

विश्वजीतची पिशवी कठड्यापाशी उघडी पडली होती आणि वरच दुसरा चष्मा होता. करुणाने तो डोळ्यांवर चढवला आणि ड्रेससकट उडी टाकली. वर बायका किंचाळल्या, पण ते तिला ऐकू आलं नाही. पाण्याने हलगीचा आवाज तोडून टाकला होता.

आत शांतता होती. वरून उजेडाचे पट्टे तिरपे उतरत होते आणि त्यांच्यात मातीचे कण तरंगत होते. ती खांबाला धरून खाली सरकली आणि तिला विश्वजीत दिसला, पाठमोरा, हात लांब केलेला, बंदुकीचं टोक गाळ्याच्या अंधाराकडे. रबरं ताणलेली होती. बोट चापावर होतं.

आणि त्या अंधारातून वांब येत होती.

करुणाने वांबी बाजारात बघितल्या होत्या, सापासारखे लांब मासे, परातीत वेटोळं करून ठेवलेल्या. ही त्याच जातीची होती असं म्हणायचं तर म्हणा. डोकं लहान मुलाच्या डोक्याएवढं. डोळे बारीक, शांत. अंग मांडीएवढं जाड, पितळी हिरवं, त्यावर काळे डाग. ती घाईत नव्हती. अंधारातून ती पुढे येत होती, येतच होती, आणि संपत नव्हती. वर शंभर माणसं नाचत होती, पाहुणे होते, चेअरमन होते, आणि त्यांच्या पायांखालून ही अशी चालली होती, कोणाच्या परवानगीविना. करुणाला आपण इथं कशाला आलो हेच क्षणभर आठवेना. आपण फार लहान आहोत, एवढं एकच तिला कळत होतं, आणि त्यात विलक्षण सुख होतं.

मग तिला वांबीच्या मागे, अंधाराच्या कडेला, एक फिकट तळपाय दिसला.

धम्माचा. तो त्यांच्याकडे पाठ करून पोतं फटीत कोंबत होता आणि वांब त्याच्या पोटऱ्यांना घासून बाहेर निघत होती. विश्वजीतची नजर वांबीच्या डोक्यावर होती. त्याला तळपाय दिसणं शक्य नव्हतं.

पाण्यात हाक मारता येत नाही. खांदा धरावा तर दचकून बोट ओढलं जाईल. करुणा दोन हातांच्या अंतरावर होती आणि तिला काहीच करता येत नव्हतं. छातीत हवा संपत आली होती. जन्मात तिने कोणापुढे हात जोडले नसतील इतक्या कळवळून तिने त्या बोटाकडे बघितलं.

बोट हललं नाही. वांबीचं डोकं भाल्याच्या टोकाशी आलं, टोकाला बाजूने वळसा घातला, आणि नळीच्या कडेकडेने ती सरकू लागली. मासा म्हणावा की नदीच उठून चालली म्हणावं. विश्वजीत खांबासारखा स्थिर. तिचं अंग त्याच्या कोपराला लागून गेलं, करुणाच्या हातापाशी आलं. गार, गुळगुळीत आणि जिवंत असं काहीतरी तिच्या बोटांवरून बराच वेळ जात राहिलं. अखेर शेपटीची रुंद पट्टी फडफडली, गाळ्याचं तोंड मोकळं झालं, आणि भाल्याच्या बरोब्बर समोर धम्माची उघडी पाठ आली.

विश्वजीतला ती दिसली. त्याने बंदुकीचं तोंड सावकाश खाली केलं, पार गाळाकडे, आणि चापावरून बोट काढलं.

वर आल्यावर करुणा नुसती खोकत होती. स्लॅबखालून धम्माचंही डोकं बाहेर आलं. त्याला कशाचा पत्ता नव्हता. "अक्का? तू पाण्यात काय करतीस? आन् आजून दोन पोती लागत्याल बग. खाली पाण्याची वढ लई हाय, पायाला सारखं कायतरी घासून जातंय."

विश्वजीत काठाला पोचला, बंदुकीची रबरं उतरवली, आणि तिथंच चिखलात बसून हुंदके देऊन रडायला लागला. हलगी थांबली. लोक धावले. काय झालं ते तुकड्यातुकड्यांत सगळ्यांना कळलं, आणि कळलं तशी एकेकाची पाचावर धारण बसली. बायकांनी आपापल्या चपलांकडे बघितलं.

"चाप का न्हाई वढलास रं?" तात्याबाने विचारलं.

"शेपूट दिसंना," विश्वजीत म्हणाला. "समुद्रात आमच्या वस्तादानं शिकवलेलं हाय. आख्खा जीव दिसल्याबिगर वढायचं न्हाई. आर्धा दिसतो तवा मागं काय आसंल ते सांगता येत न्हाई. म्या शेपटाची वाट बगत हुतो. ती संपंचना, तात्याबा. ती संपंचना."

म्हाळू गर्दीत काठी टेकून उभा होता. त्याने पाण्याकडे बघत हळूच म्हटलं, "समुद्रातनं यायच्या त्या. खाली उजनीच्या धरणाची भित झाली तवापासनं यायच्या बंद झाल्या. ही आदुगरची आसंल. वर आली आन् हिकडंच ऱ्हायली." आणि म्हाताऱ्याने, कोणाला दिसू नये अशा बेताने, डोळे पुसले.

आनंदराव पुढे आले. त्यांच्या कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांवर गुलाल पडला होता. "पाटीलबाई, देवानं राखलं म्हणायचं. आता ह्याचा बभ्रा नको. पाव्हणं हायती. ठाण्यात कळवायचं काय कारण न्हाई, काय घडलं बी न्हाई. आन् कळवनार तरी कुठल्या ठाण्याला? बंदूक शिरूरात, पोरगं दौंडात."

"आन् मढं, आबा?" करुणा म्हणाली. अंगातून पाणी निथळत होतं, पायांत काही नव्हतं. "मढं कुठल्या तालुक्याचं झालं आसतं?"

आनंदराव कपड्यांवरचा गुलाल झटकू लागले.

"दोन्ही ठाण्यांना कळवते. काय घडलं न्हाई, त्ये बी सांगते आन् काय घडणार हुतं त्ये बी. वरनं कायदा येईस्तोवर बंदूक माझ्याकडं कुलपात, रबरं येगळी आन् भाला येगळा." विश्वजीतने न सांगता पिशवी तिच्या पायांशी आणून ठेवली. "आन् चूक त्याची एकट्याची न्हाई. त्यानं इचारलं. धम्मा वर आलाय, आसं कुणी सांगितलं?"

"म्या," आनंदराव म्हणाले. मग, "मला वाटलं, आला आसंल."

"माझा बी कायदा तसलाच हुता," करुणा म्हणाली. हे बोलताना तिला जड गेलं, पण बोलली. "जिथं समदं गाव चपला काढतं, तिथं म्या चपलंची खूण ठिवली. खूण नको आता. माणूस खाली आसंल तवा वर माणूस बसंल. दोर धरून. तो सांगंल वर आला, तरच आला. आसंल-बिसंल न्हाई."

"बसवू की," आनंदराव म्हणाले. "एखादा गडी लावू."

"गडी न्हाई. ज्यानं खाली धाडलं, त्यो बसंल."

गळती तर अजून सुरूच होती, चिळकांडी आता मनगटाएवढी झाली होती, आणि फट आज बुजवली नाही तर ढापाच उखडणार हे सगळ्यांना दिसत होतं. धम्मदीप कमरेला दोर बांधू लागला. विश्वजीत उठला, नाक पुसलं, आणि म्हणाला, "पोती म्या देतो खाली. त्यो एकटा किती येळा वर-खाली करंल?" आणि त्यानेही दुसरा दोर मागितला. साखरबाईने एकदा नातवाकडे बघितलं, एकदा करुणाकडे, आणि मग मुलाला म्हणाली, "आनंदा, पाटीलबाई काय सांगती? बस जा."

आनंदराव बसले. आयुष्यात खुर्चीशिवाय कुठं बसायची सवय नसलेला माणूस बंधाऱ्याच्या ओल्या कडेवर, पाय पाण्याकडे सोडून बसला. दोन्ही दोर करुणाने त्यांच्या हातांत दिले. एकीकडे त्यांचा पोरगा, दुसरीकडे म्हाळूचा. दोघं पाण्याखाली गेले आणि दोर सरसर सुटत जाऊन ताणले गेले.

पाहुणे घड्याळ बघत होते, पण निघायचं धाडस त्यांनाही होईना. दोर हलले, सैल झाले, पुन्हा ताणले गेले. "धम्मा वर," आनंदराव मोठ्याने म्हणाले. "धम्मा खाली. विश्वा वर." पहिल्यांदा म्हणताना आवाज ओशाळा होता. दोनतीन खेपांनंतर तो फक्त घाबरा राहिला.

तेवढ्यात वरच्या अंगाला कोणीतरी ओरडलं, "वांब! आरं, ती बगा वांब!"

बंधारा एका बाजूला झुकतो की काय असं वाटावं इतकी माणसं धावली. वांब उन्हाला वर आली होती. निवळ पाण्यात तिची अख्खी पाठ दिसत होती, डोक्यापासून शेपटीपर्यंत, सोन्यासारखी, आणि ती नदीच्या मधोमध, कोणत्याच तालुक्यात नसल्यासारखी, सावकाश वरच्या दिशेने चालली होती. हलगीवाले हलगी विसरले. पाहुण्यांनी डोक्यावरचा फेटा हातात घेतला. साखरबाईने हात जोडले, तात्याबाने जोडले, आणि करुणाला स्वतःलाही कळलं नाही की आपण श्वास रोखून धरलाय. असं दर्शन त्या गावाला पुन्हा कधी होईल हे कोणी सांगू शकत नव्हतं.

आणि मग करुणाने मागे वळून बघितलं.

बंधाऱ्याच्या कडेवर आनंदराव एकटेच बसले होते. सगळं गाव पलीकडे होतं, सगळ्यांच्या तोंडून एकच आवाज निघत होता, आणि हाकेच्या अंतरावर वांब जात होती. त्यांनी मान वळवली नाही. दोन्ही दोर मुठींत घट्ट धरलेले, नजर पाण्यात, आणि ओठ सारखे हलत होते.

"धम्मा खाली," ते म्हणत होते. "विश्वा खाली. दोगं बी खाली."